सम आकड्यांची जनावरं

टाके घालतात ते डॉक्टर. काढायचं काम मात्र तिचं, म्हणून जनावरांच्या त्या दवाखान्यात तिला सगळे टाकेबाई म्हणत. सत्तावीस वर्षं ती तिथे ड्रेसर होती. जखम धुणं, कुजलेलं कापून टाकणं, औषध भरणं, पट्टी बांधणं आणि शेवटी एक दिवस बारीक कात्रीने टाके काढून जनावराच्या मानेवर थाप मारणं, एवढं तिचं काम. इतरांना लाथा झाडणारी घोडी तिच्यापुढे पाय सैल सोडून उभी राहायची. लोक म्हणत, टाकेबाईच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, "गुण कोमट पाण्याला आहे, हाताला कसला?" पण म्हणणाऱ्याला थांबवायची नाही.

तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, लग्न न केलेली, शिवणकाम करणारी. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत. एका खोलीत शिवणाचं मशीन आणि कापडाचे तुकडे, दुसऱ्या खोलीत बाकी सगळा संसार. दारात टाकेबाईचे रबरी बूट बाहेरच काढायचे, हा नणंदेचा कायदा.

"आधी हातपाय धू, मग बोल," नणंद म्हणायची. "तुझ्याबरोबर अख्खा तबेला जिना चढून येतो."

"वन्सं, तबेल्याने काही वाईट नाही केलं तुमचं."

"माझं नाही केलं. पण परवा ते सिल्क बघायला आलेल्या बाईने नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, आमच्या वहिनी अत्तर लावतात, घोड्याचं."

अशी दोघींची भाषा. एकमेकींना टोचल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

दवाखान्यातला टाकेबाईचा वॉर्ड म्हणजे पत्र्याची लांब शेड. नऊ खण, मधून वाहणारं गटार, आणि टोकाला पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची एक खोली. त्या खोलीत एके दिवशी यंत्र आलं. ताटाएवढ्या तोंडाचं, झाकण लावलं की घरघरत फिरणारं. त्याला इंग्रजी नाव होतं, पण शेडमधले लोक त्याला फिरकी म्हणू लागले. ते आणलं होतं छोट्या मॅडमनी. छोट्या मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या हाताखालची तरुण डॉक्टर, पुढच्या पदवीसाठी संशोधन करणारी. अंगाने इतकी बारीक की घोड्याच्या पलीकडे उभी राहिली तर फक्त बूट दिसायचे.

त्यांचा विषय होता गुडघ्याखालच्या जखमा. घोडा, खेचर, गाढव, यांच्या गुडघ्याखाली मांस नसतं. कातडी, शिरा आणि हाड. तिथे पत्रा किंवा तार लागली की जखम भरत नाही. कडा जवळ येत नाहीत आणि मधलं लाल मांस मात्र उतू गेल्यासारखं वर येतं. टाकेबाईने अशा जखमा शेकड्यांनी बघितल्या होत्या. दीड-दोन महिने मालक फेऱ्या मारतो, मग त्याचा धीर सुटतो. काम न करणारं जनावर कोण किती दिवस उभं ठेवणार? मग मोठे साहेब सही करत, जनावर मागच्या अंगणात नेलं जाई आणि तिथे त्याला शेवटची सुई मिळे. दोर धरायचं काम टाकेबाईचं.

छोट्या मॅडमचं म्हणणं होतं की यातली बरीच जनावरं वाचतील. जनावराच्याच मानेतून रक्त काढायचं, नळ्यांत भरून फिरकीत फिरवायचं. लाल तळाशी बसतं, पिवळं वर राहतं. पिवळं काढून पुन्हा फिरवायचं. आता जो तळाशी थोडासा दाट भाग उरतो, तो कामाचा. त्यात औषधाचे दोन थेंब टाकले की ते खळ शिजावी तसं घट्ट होतं. ते त्याच जनावराच्या जखमेत भरायचं आणि वरून पट्टी.

"रक्तात प्लेटलेट नावाचे कण असतात," मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "कापलं की आधी ते धावतात. रक्त थांबवतात आणि जखम भरणाऱ्या पेशींना हाका मारतात. आपण त्यांना एका जागी गोळा करतो, इतकंच."

"म्हणजे मुकादम," टाकेबाई म्हणाली.

मॅडम हसल्या. "हो. मुकादमच."

यंत्र एका वर्षासाठी उसनं मिळालं होतं. चौदा जनावरांवर प्रयोग करायचा. उपयोग होतो असं दिसलं तर यंत्र कायमचं राहणार, त्या खोलीला फरशी आणि पंखा मिळणार, पुढे येणाऱ्या प्रत्येक जनावराला हा उपचार मिळणार. नाही दिसलं तर यंत्र परत जाणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं. टाकेबाई तर रोज सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायची, आणि नळ्या समोरासमोर सारख्या वजनाच्या बसल्यात का हे दोनदा बघायची, कारण एक बाजू जड झाली की फिरकी थडथडत टेबलावरून चालू लागायची.

नियम सोपा होता. जनावर येईल तसा त्याला आकडा द्यायचा. एक, तीन, पाच अशा विषम आकड्यांना पिवळं औषध. दोन, चार, सहा अशा सम आकड्यांना नुसतं धुणं आणि पट्टी. रक्त मात्र सगळ्यांचं काढायचं, फिरवायचं सगळ्यांचं. सम आकड्यांच्या पिवळ्यातला एक थेंब मॅडम वरच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला नेणार आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं. वहीत त्यासाठी एक रकाना होता: 'टाकून दिले'. तिथे टाकेबाईने खूण करायची.

टाकेबाईने मान हलवली. डॉक्टरांसमोर तिची मान आपोआप हलायची. सत्तावीस वर्षांची सवय.

एक नंबर म्हणजे एक तट्टू. त्याच्या जखमेत पिवळं भरलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कडा आत सरकायला लागल्या. दर मंगळवारी मॅडम जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड गिरवायच्या आणि घरी नेऊन चौकोनांच्या कागदावर मोजायच्या. कागदावरचा आकार दर मंगळवारी लहान होत होता. टाकेबाई ते कागद उजेडाकडे धरून बघायची.

दोन नंबर म्हणजे तपकिरी खेचर. दगडाच्या खाणीत काम करणारं, शांत, पाण्याची बादली नाकाने ढकलायची खोड असलेलं. पत्र्याने मागचा पाय कापला होता. त्याचं रक्त काढलं, फिरवलं, दाट पिवळं हाती आलं. मॅडम थेंब घेऊन वर गेल्या. टाकेबाईने बाकीचं बेसिनमध्ये ओतलं. ते पांढऱ्या चिनी मातीवरून सावकाश घसरलं. नळ सोडावा लागला.

असं चार मंगळवार. खेचराच्या पायावरचं मांस वर येत गेलं. टाकेबाईने कोमट पाणी, स्वच्छ पट्टी, घट्ट बांधणी, येत होतं ते सगळं केलं. सातव्या आठवड्यात खाणवाला आला, जखमेकडे बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "राहू दे बाई. तुम्ही खूप केलंत." मागच्या अंगणात दोर तिनेच धरला. खेचर पडताना पुढच्या पायांवर बसलं, जसं ते ओझं उतरवायला बसत असेल.

त्या दिवशी तिने ते बेसिन दोनदा घासलं.

चार नंबर ही म्हातारी पांढरी घोडी. फेरीवाल्याची गाडी ओढायची. पहिल्या मंगळवारी तिचं पिवळं सिरिंजमध्ये घेऊन टाकेबाई बेसिनपाशी उभी राहिली. घोडीने वळून तिच्याकडे बघितलं, असं लिहिलं तर छान वाटेल. पण घोडी बघत नव्हती, चारा खात होती. टाकेबाईच्या मनात आलं ते एवढंच की हे हिचं आहे. हिच्या मानेतून आपण काढलं. कुणाचं हिसकावून हिला देत नाही, हिचंच हिला. ज्याचं त्याला दिलं तर त्यात चोरी कसली?

तिने दोन थेंब औषध टाकलं, ते घट्ट होईपर्यंत थांबली आणि घोडीच्या जखमेत भरून वर पट्टी बांधली. मग वहीत 'टाकून दिले'च्या रकान्यात खूण केली. आयुष्यात खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण खूण म्हणजे काही बोलणं नव्हे.

एकदा वाट पडली की गवत उगवत नाही. सहा नंबर गाढव आलं, आठ नंबर घोडा आला, दहा, बारा, चौदा. मंगळवारी मॅडम थेंब घेऊन वर जायच्या आणि पाऊण तासाने खाली यायच्या. तेवढ्यात सगळं उरकलेलं असायचं. पांढऱ्या घोडीची जखम अकराव्या आठवड्यात बुजली. गाढवाची त्याही आधी. शेडमधल्या नऊ खणांत त्या वर्षी एक वेगळीच धांदल होती, बरी झालेली जनावरं घरी पाठवायची. टाकेबाई शेवटच्या पट्ट्या सोडत होती, मानेवर थापा मारत होती आणि मनात म्हणत होती, आता यंत्र जात नाही.

"स्वारी हल्ली गुणगुणत जिना चढते," नणंदेने विचारलं. "कोणी भेटलं की काय?"

"भेटलं. आठ नंबरचा घोडा."

"दिसायला कसा आहे?"

"लंगडत होता, आता नाही."

"मग घे करून. माझ्या भावापेक्षा कमी बोलेल असं नाही."

वर्ष संपलं. मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक ठरली आणि मॅडमनी टाकेबाईलाही बोलावलं. "तुमच्याशिवाय झालं नसतं," म्हणाल्या. टाकेबाई धुतलेली साडी नेसून, वन्संकडून बाहीचं उसवलेलं शिवून घेऊन गेली. खोलीत चहा आला. भिंतीवर दोन रेघा काढलेला एक मोठा कागद लावला होता. एक रेघ विषम जनावरांची, एक सम जनावरांची. दोन्ही वरून खाली उतरत होत्या, शेजारून शेजारून, एकाच उतारावरून जाणाऱ्या दोन बैलांसारख्या.

मॅडमनी वाचून दाखवलं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. उपचार दिला काय आणि न दिला काय, जखमा सारख्याच वेगाने भरल्या. सम गटातलं एक जनावर दगावलं, ते सोडलं तर.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "मनाला लावून घेऊ नका. नाही हेही उत्तरच असतं. मला तर यातून एक गोष्ट शिकायला मिळाली. इतकं महागडं यंत्र नको, नीट पट्टी हवी. सम आकड्यांची सहा जनावरं नुसत्या पट्टीवर बरी झाली. हा टाकेबाईंच्या हाताचा गुण." त्यांनी तिच्याकडे बघून मान तुकवली. "अहवालात त्यांचं नाव घाला. आणि यंत्र सोमवारी परत पाठवून द्या."

टाकेबाईच्या हातात चहाचा कप होता. सगळी बरी झाली, मग यंत्र परत का, हे तिला समजेना. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम भिंतीवरच्या कागदाच्या टाचण्या काढत होत्या, एकेक टाचणी तळहातावर घेत.

घरी आल्यावर तिने वन्संना सगळं सांगितलं, पांढऱ्या घोडीपासून. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नणंद मशीनवर बसली होती. पाय थांबले.

"म्हणजे ज्यांना द्यायचं नव्हतं त्यांनाही तू दिलंस?"

"त्यांचंच होतं, वन्सं."

"ते कळलं मला." नणंदेने मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. "हे बघ. नवीन कापड धुतल्यावर आटतं का, हे मला बघायचं आहे. मी काय करते? एका ताग्याचे दोन सारखे तुकडे कापते. एक भिजवते, एक कोरडा ठेवते. मग एकावर एक ठेवते. भिजलेला लहान झाला असेल तर कापड आटतं. बरोबर?"

"बरोबर."

"आता मी दोन्ही भिजवले तर?"

टाकेबाईने बाजूला ठेवलेल्या कापडाकडे पाहिलं.

"दोन्ही आटतील. दोन्ही सारखे दिसतील. आणि मी गिऱ्हाइकाला सांगेन, बाई, कापड अजिबात आटत नाही."

खाली किल्लीवाल्याची कानस चालू होती. टाकेबाईचे हात मांडीवर उताणे पडले होते, जणू त्यांत कुणी काही ठेवणार होतं.

"मी मुद्दाम नाही केलं," ती शेवटी म्हणाली.

"मुद्दाम केलं असतंस तर इतकं नीट बिघडलं नसतं." मग नणंदेला आपल्याच बोलण्याचं वाईट वाटलं असावं. ती उठली, तिने पाण्याचा तांब्या भरून आणला. "ऐक. कुणाला सांगू नकोस. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. जनावरं बरी झाली, कुणाचं वाकडं झालं?"

"पुढे येतील त्यांचं."

"पुढच्यांची काळजी पुढचे करतील."

"ती जनावरं आहेत, वन्सं. ती काय करणार?"

त्या संध्याकाळी नणंदेने ब्लाऊजची एक बाही उलटी जोडली आणि पुन्हा उसवत बसली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तीन दिवस टाकेबाई गप्प राहिली. पट्ट्या बांधल्या, पाणी तापवलं. शेडमधला रखवालदार म्हणाला, "काय टाकेबाई, साहेबांनी कौतुक केलं म्हणे. आता आमच्याशी बोलायचं नाही?" ती कसनुसं हसली. हाताचा गुण. सत्तावीस वर्षं हा शब्द तिने खिशातल्या गोळीसारखा चघळला होता. आता तो घशात अडकला होता. शनिवारी दुपारी ती टोकाच्या खोलीत गेली. मॅडम यंत्राची वायर गुंडाळत होत्या. खोका उघडा पडला होता.

"मॅडम, मी ओतलं नाही."

"काय ओतलं नाही?"

"पिवळं. सम आकड्यांचं. चार नंबरपासून."

मॅडमच्या हातातली वायर तशीच राहिली. "मग कुठे गेलं?"

"ज्याचं त्याच्या जखमेत."

"सगळ्यांच्या?"

"दोन नंबर सोडून. दोन नंबरचं ओतलं होतं."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

मॅडम ओरडतील, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी ती तयार होऊन आली होती. मॅडमनी वायर खाली ठेवली, कपाट उघडलं, पारदर्शक कागदांचा गठ्ठा काढला. त्यातून दोन नंबरचे कागद वेगळे केले आणि खिडकीच्या काचेवर एकाशेजारी एक धरले. प्रत्येक कागदावरचा आकार आधीच्यापेक्षा मोठा होता. मग दुसऱ्या हाताने एक नंबरचे धरले. ते लहान लहान होत गेले होते. बराच वेळ त्या तशा उभ्या होत्या, दोन्ही हात काचेवर, पाठ टाकेबाईकडे.

"म्हणजे खरं एवढंच," त्या म्हणाल्या.

"मग हे दाखवा ना साहेबांना."

"एका खेचरावरून काही सिद्ध होत नाही, टाकेबाई. एक खेचर म्हणजे एक खेचर." त्यांनी कागद खाली घेतले. "मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून नाही विचारलंत."

"म्हणून नाही विचारलं."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांचं वय त्या क्षणी किती होतं ते सांगता आलं नसतं. "का ओतायचं, हे मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "ओता, एवढंच सांगितलं. आणि दर मंगळवारी वर निघून गेले. थेंब मोजायला पाऊण तास लागत नाही, टाकेबाई. दहा मिनिटं लागतात. मला ते ओतलेलं बघवत नव्हतं."

टाकेबाईने खोक्यातला भुसा उगीच सारखा केला.

"मी गप्प राहिले तर?" तिने विचारलं. "म्हणजे, आपण दोघी."

"तर मी लिहीन की याचा उपयोग नाही. ते कुणीतरी वाचेल, आणि त्यांच्याकडचं यंत्रही परत जाईल." मॅडमनी वहीचं एक कोरं पान फाडून तिच्यापुढे ठेवलं. "लिहून द्या. काय केलं, कधीपासून, कितींना. तारखा आठवतील तेवढ्या."

तिने उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर चांगलं होतं तिचं, गोल गोल. खाली सही केली.

सोमवारी यंत्र गेलं. दोघांनी उचलून टेम्पोत ठेवलं, आणि टेबलावर त्याच्या चार पायांचे चार गोल उरले. मोठ्या साहेबांनी यंत्र देणाऱ्यांकडे प्रयोग पुन्हा करायची परवानगी मागून बघितली. उत्तर आलं की जिथे सूचना पाळल्या जात नाहीत तिथे यंत्र देता येणार नाही. त्यात खोटं काय होतं? टाकेबाईला त्यांनी खोलीत बोलावलं. रागावले नाहीत. "यापुढे तुम्ही जखमेला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले, आणि तिला पुढच्या दाराजवळच्या खिडकीवर बसवलं, येणाऱ्या जनावरांची पावती फाडायला. शेडमध्ये दुसरा ड्रेसर आला. त्याच्या पट्ट्या सैल सुटायच्या. खिडकीतून तिला ते दिसायचं.

मॅडमची तयारीसकट दोन वर्षं वाया गेली. त्यांनी नवा विषय घेतला, शेणातल्या कृमींची अंडी मोजायचा. वरच्या मजल्यावरच असायच्या, खाली फारशा येत नसत. एकदा पावतीच्या खिडकीपाशी थांबल्या. टाकेबाईने विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय. कृमींची कुणाला दया येत नाही," मॅडम म्हणाल्या. दोघीही हसल्या नाहीत. मॅडम जिना चढून गेल्या.

नणंद घरी तिला टोचेनाशी झाली. हे तिला सगळ्यात जड गेलं. बूट चुकून आत आले तरी वन्सं बोलत नसत, उचलून बाहेर ठेवत. आताशा त्या बुटांना वासही नव्हता.

एका सकाळी खिडकीसमोर एक माणूस आला. मागे दोरीला राखाडी गाढव. मागचा उजवा पाय फडक्याने गुंडाळलेला, फडकं ओलं.

"पायाला लागलंय," तो म्हणाला. "ते पिवळं औषध द्या. रक्ताचं."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या साडूचा घोडा इथेच बरा झाला. पार उतू गेला होता पाय. त्याचंच रक्त काढून त्यालाच भरलं म्हणे."

आठ नंबर. तिला घोड्याची लंगड आठवली. "ते बंद झालं," ती म्हणाली.

"बंद? का?"

"त्याचा उपयोग होतो हे दाखवता आलं नाही."

"पण साडूचा घोडा तर बरा झाला."

"झाला."

"मग?"

तिने पेन उचललं, खाली ठेवलं. "जखम किती दिवसांची?"

"सहा आठवडे होतील. कामाला उभं राहत नाही. किती दिवस बघणार, बाई?"

फडक्याच्या कडेने वर आलेलं लाल मांस तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. सहा आठवडे. म्हणजे अजून एक, फार तर दोन. फडकं किती घट्ट बांधायचं, पाणी किती कोमट, सगळं तिला ठाऊक होतं. तेवढ्याने हे गाढव वाचलं नसतं, हेही आता ठाऊक होतं.

"माझ्यामुळे बंद झालं," ती म्हणाली.

माणसाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आजूबाजूला, दुसरं कुणी आहे का ते. बाई थकलेली दिसते, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"पावती द्या, बाई," तो मऊ आवाजात म्हणाला. "जे असेल ते करतील."

तिने जनावराचा प्रकार लिहिला, रंग लिहिला, कुठला पाय ते लिहिलं. पावती फाडून खिडकीतून बाहेर सरकवली. माणसाने दोरी ओढली, आणि गाढव तीन पायांवर शेडकडे निघालं.